बत्तिशीचा बाप गाडीतून उतरत नाही

धक्क्याकडून बाजाराकडे चढणाऱ्या गल्लीत, जाळी शिवणाऱ्यांच्या ओट्यासमोर, निळ्या दाराचं एक दुकान आहे. त्याच्या खिडकीत प्लास्टरचा एक जबडा रस्त्याकडे तोंड करून ठेवलेला असतो. पाटी वगैरे काही नाही. ज्याला गरज आहे त्याला जबडा पुरतो, आणि ज्याला गरज नाही तो जरा घाईनेच पुढे सरकतो, कारण आज ना उद्या आपलंही इथेच काम पडणार हे तो मनातून जाणून असतो.

या दुकानाच्या मालकिणीला सगळं गाव बत्तिशी म्हणतं. तोंडावर म्हणतं. तिला त्याचं काही वाटत नाही. उलट कुणी नवखा तिला 'बाई' म्हणाला तर आणखी कोण आलंय म्हणून ती मागे वळून बघते. कवळ्या बनवणं हा तिचा धंदा. आठवड्यातून दोनदा मोठ्या शहरातून दातांच्या डॉक्टरीणबाई येतात, उरलेसुरले दात उपटतात, हिरड्या तपासतात आणि पुढचं सगळं बत्तिशीवर सोपवून संध्याकाळच्या बसने परत जातात. मापं, साचे, मेण, दात बसवणं, घासणं, पॉलिश, आणि त्यानंतर वर्षभर लोकांच्या तक्रारी ऐकणं, हे सारं बत्तिशीच्या वाट्याला. सगळ्यात जुनी तक्रार मोजणीची. पुऱ्या कवळीत दात अठ्ठावीसच असतात. घरी जाऊन आरशासमोर मोजले की माणूस तणतणत परत येतो आणि माझे चार दात कुठे गेले म्हणून विचारतो. त्यावर बत्तिशी म्हणते, "आधीचे बत्तीस तरी कुठे सांभाळलेत?"

गाव तसं लहान. धक्का, बर्फाचा कारखाना, बाजार, शाळा, बसस्टँड, संपलं. गावावर वासाचं एक पांघरूण कायम असतं. नवा माणूस दोन दिवस नाकाला रुमाल लावून फिरतो, तिसऱ्या दिवशी त्याच्या रुमालालाच तो वास यायला लागतो आणि प्रश्न मिटतो. बसस्टँडच्या मागून एक रस्ता डोंगरात चढतो. वर दगडाच्या खाणी, शेळ्या, मधाच्या पेट्या, आणि दरीच्या दोन्ही अंगांना विखुरलेली घरं. तिथले ते 'वरचे', आणि बंदरातले ते 'खालचे'. वरच्यांच्या मते खालचे लोक नासके, उधळे आणि अंगाला पाणी न लावणारे. खालच्यांच्या मते वरचे लोक चिक्कट, हट्टी, आणि अंगाला पाणी लावून लावून त्यांच्या डोक्यातही पाणी झालेलं. दोघांचंही एकमेकांवाचून चालत नाही, यामुळे वैराला चांगली खोली आलेली आहे.

बत्तिशीला मात्र माणूस कुठल्या रस्त्याचा हे त्याने आ केल्याबरोबर कळतं. जाळी शिवणाऱ्यांच्या पुढच्या एका दाताला खाच असते, जन्मभर दोरा तोडून तोडून पडलेली. होडीवाल्यांचा एखादा दात दोरखंडाने नेलेला असतो आणि एखादा भांडणात. खाणवाल्यांचे दात दगडाच्या भुकटीने झिजून जात्यासारखे सपाट. मधवाल्यांचे काळे, पोखरलेले, आणि तरीही हसरे. शिवाय बंदराच्या तोंडाशी लाटा उलटतात तिथे पैलतीरी जाणारी लाँच दर फेरीला हेलकावे खाते, लोक कठड्यावरून वाकतात, आणि पोटातल्याबरोबर तोंडातलंही समुद्राला देऊन मोकळे होतात. लाँच चालवणारा सांगतो की तिथे तळाशी नवा खडक तयार होतोय, आणि रात्री तो दात खातो. बत्तिशीला ही कल्पना फार आवडते. तिचं निम्मं काम त्या लाटेनेच आणून दिलेलं आहे.

ती स्वतः वरची. आणि वरच्यातलीसुद्धा साध्यासुध्या घरातली नव्हे. तिचा बाप खाणीवरचा मुकादम होता आणि त्याच्या शिव्या दरीत प्रसिद्ध होत्या. सुरुंग उडवायच्या आधी भोंगा वाजवायची पद्धत होती, पण भोंगा बिघडला तर त्याला उभं करत. त्याने एकदा तोंड सोडलं की शेळ्यासुद्धा आडोशाला जात. शिवी देण्यात त्याची एक शिस्त होती. उगाच अंगावर धावून जाणारी, घाण, आळशी शिवी तो देत नसे. समोरच्याच्या आजोबापासून सुरुवात करून, घराण्यातला एकेक माणूस त्याच्या गुणदोषांसकट हजर करत, तो सावकाश त्या माणसापर्यंत येई आणि मग एका वाक्यात त्याला खाली बसवी. ऐकणारे काम थांबवून ऐकत.

अशा बापाची मुलगी आईबरोबर मध विकायला बंदरात यायची आणि तिथे बर्फाच्या कारखान्यात लाद्या मोजणाऱ्या एका मवाळ तरुणाने तिच्या तळहातावर बर्फाचा खडा ठेवला. एवढंच. बाकी काही तो बोललाही नाही. तो आयुष्यात फारसं कधीच काही बोलला नाही. ज्या घरात बोलण्याचा असा महापूर होता त्या घरातल्या मुलीला हा न बोलणारा माणूस म्हणजे सावलीच वाटला असेल. तिने त्याच्याशी लग्न केलं. बापाने तिला आडवं-उभं घेतलं, दोन दिवस, दम खात खात. शेवटी त्याने सांगितलं की खाली गेलीस तर खालीच मर, आणि मी मेलो तरी त्या नाक्याच्या खाली पाय ठेवणार नाही. नाका म्हणजे डोंगराच्या पायथ्याचं वळण, जिथून समुद्र पहिल्यांदा दिसतो.

सासरे कवळ्या करत. आपल्या मुलाने हा धंदा शिकावा म्हणून त्यांनी जंग जंग पछाडलं होतं, पण पोराला दुसऱ्याची लाळ दिसली की भोवळ येई. बर्फाला लाळ नसते, म्हणून तो बर्फाकडे गेला. नवी सून घरात आली तेव्हा सासरे एका खलाशाच्या तोंडात वाकून बघत होते. सुनेनेही वाकून बघितलं आणि म्हणाली, "याचं वय सांगू? शेळीचं आम्ही दातांवरूनच सांगतो." तिने वय सांगितलं. ते खलाशाने आपल्या बायकोला सांगितलेल्या वयापेक्षा बरंच जास्त निघालं आणि बरोबर निघालं. त्या दिवसापासून सासऱ्यांनी मुलाचा नाद सोडला. मेण कितपत तापवायचं, वरचे दात खालच्यावर कसे बसवायचे, हसताना हिरडी किती दिसली तर माणूस सज्जन वाटतो आणि किती दिसली तर घोडा, हे सगळं त्यांनी सुनेला दिलं आणि एके दिवशी स्वतःचीच कवळी पेल्यात काढून ठेवून ते झोपले ते उठलेच नाहीत.

वर्षं गेली. बत्तिशीला एक मुलगी झाली, मोठी झाली, नोकरीला लांब गेली. आई अधूनमधून मधाच्या बरणीबरोबर खाली येऊन जाई. मग आई वारली. बत्तिशी वर गेली तेव्हा बाप भिंतीकडे तोंड आणि लेकीकडे पाठ करून बसला होता. ती आली, आईपाशी बसली, रडली, उठली आणि परत निघाली, तोवर त्याने मान वळवली नाही. त्यानंतर वरचं सगळं धाकट्या भावाकडून कळे. भाऊ खाणीचा ट्रक चालवत असे आणि दगड उतरवून झाले की दुकानात पाणी प्यायला थांबे.

त्याच्याकडूनच कळत गेलं की बाबांचे दात चालले. एक हलला, तो त्यांनी पकडीने काढला. दुसरा काढताना तिसराही आला. डॉक्टरीणबाईंचं नाव काढलं की ते पकड घेऊन अंगावर येत. असं करता करता तोंडाचं पार बोळकं झालं. पेज पिऊन माणूस जगतो, त्याचं काही नाही. पण शिव्यांचं काय?

ही अडचण कुणाच्या लक्षातच आली नव्हती. दरीच्या पलीकडे एक मधवाला राहत असे, बापाच्याच वयाचा. झऱ्याचं पाणी आधी कुणाच्या अंगणातून जावं यावरून दोघांचं तरुणपणापासून भांडण होतं. रोज संध्याकाळी आपापल्या कडेला उभं राहून दोघे एकमेकांचा उद्धार करत. दात गेल्यावर पहिल्यांदा बाप उभा राहिला, श्वास भरला आणि मधवाल्याच्या आजोबांपासून सुरुवात केली. तोंडातून निघाली ती शिट्टी, थुंकी आणि मध्येच एखादं फुसकं अक्षर. 'स' आणि 'त' गेले की शिवीची हाडंच काढून घेतल्यासारखं होतं. मधवाल्याने कानामागे हात धरला आणि मोठ्या अदबीने विचारलं, "काय म्हणालात? पुन्हा म्हणता का?"

दोन्ही कडांवरची माणसं हसली. बाप घरात गेला, आणि त्या दिवसापासून बोलेनासा झाला.

"पहिला आठवडा बरं वाटलं, ताई," भाऊ पाण्याचा पेला हातात धरून म्हणाला. "बायको तर म्हणाली, घरात कुणी राहतं असं वाटतच नाही, किती छान. आता तीच घाबरलीये. ते सकाळी उठतात, दाराशी बसतात, आणि बघत राहतात. शेळी त्यांच्या धोतरावर पाय देऊन गेली तरी काही बोलले नाहीत."

शेळीचं ऐकून बत्तिशीने हातातला साचा खाली ठेवला. मग आपला आवाज नेहमीसारखाच यावा याची काळजी घेत तिने सांगितलं की मापाशिवाय दात होत नाहीत, आणि माप देणाऱ्याला खाली यावं लागतं. भाऊ म्हणाला, ते मरतील पण येणार नाहीत, तू मला शिकव, मी घेतो माप. तिने त्याला मापाचा साचा दिला, तोंडात घट्ट होऊन हिरड्यांचा ठसा घेणाऱ्या मसाल्याची पूड दिली, किती पाणी, किती ढवळायचं, सगळं सांगितलं.

माप आलं ते बघण्यासारखं होतं. भावाने हिरड्यांचं औषध म्हणून सांगून बापाला आ करायला लावलं होतं. पाणी जास्त झालेलं. मसाला मिशांतून गळ्यात आणि गळ्यातून सदऱ्यात उतरला, थोडा बापाने गिळला, आणि उरलेला साच्यात थिजला त्यात भावाचीच दोन बोटं उमटली होती. दातांशिवायही बाप काय जोराने चावू शकतो ते त्या बोटांवर दिसत होतं. बत्तिशीने ते उलटसुलट करून पाहिलं.

"याची चप्पल होईल," ती म्हणाली. "दात व्हायचे नाहीत."

त्यावर भावाने बापाला काय सांगितलं कोण जाणे. पण मधवाला रोज संध्याकाळी कडेला येऊन "तब्येत बरी आहे ना?" असं प्रेमाने विचारू लागला होता, आणि ते प्रेम बापाला कुठल्याही शिवीपेक्षा जास्त झोंबत असणार. एके सकाळी तो स्वतःहून ट्रकमध्ये जाऊन बसला. भावाने विचारलं, कुठे? बापाने फुसफुसत उत्तर दिलं, ते भावाला दोनदा विचारावं लागलं. पाय ठेवणार नाही म्हणालो होतो, असं तो म्हणत होता. चाकांबद्दल मी काही बोललो नव्हतो.

बाजाराचा दिवस होता. खाणीचा ट्रक त्या गल्लीत शिरला तो अंगठी बोटात अडकावी तसा अडकला. एका बाजूला जाळीवाल्यांचा ओटा, दुसऱ्या बाजूला निळं दार. मागे बर्फाच्या गाड्या थांबल्या, त्यामागे मासळीच्या टोपल्या, त्यामागे ओरडणारे लोक. बत्तिशी दारात आली. ट्रकच्या खिडकीत तिचा बाप बसलेला होता, समोर बघत, गालांची दोन खळगी झालेली, हातात काठी. एवढा मोठा आवाज एवढ्याशा अंगात राहत होता याचं तिला नवल वाटलं.

भावाने सांगितलं की ते उतरणार नाहीत. डॉक्टरीणबाई हात पुसत बाहेर आल्या. त्यांना वाटलं, माणूस लंगडा असेल. कारण कळल्यावर त्या बत्तिशीकडे एकदा बघून ट्रकच्या पायरीवर चढल्या, विजेरीने तोंड बघितलं, हिरड्या दाबल्या आणि कुठे जखम नाही, घ्या माप, असं सांगून खाली उतरल्या. गल्लीतली ओरड थांबली होती. वरचा एक म्हातारा ट्रकमध्ये बसून दात करून घेतोय, असलं काही या गावात रोज घडत नव्हतं. मासळीवाल्यांनी टोपल्या खाली ठेवल्या आणि त्यांवरच बसकण मारली.

बत्तिशीने मसाला कालवला, साच्यात भरला आणि पायरीवर चढली. तिच्या लग्नानंतर बापलेकीत एक शब्दही झालेला नव्हता. पहिला शब्द काय असावा याचा तिने कधी काळी फार विचार केला होता. आता हातातला मसाला थिजायला लागला होता.

"आ करा," ती म्हणाली.

त्याने आ केला. तिने साचा आत बसवला, वर दाबून धरला, आणि तेव्हा तिच्या लक्षात आलं की पुढची तीन-चार मिनिटं या माणसाला बोलता येणार नाही, तोंड फिरवता येणार नाही, आणि पाठ तर मुळीच करता येणार नाही.

मग ती बोलली. आवाज चढवला नाही, कारण हात हलला असता. तिने बापाच्या आजोबापासून सुरुवात केली. तो हट्टापायी कसा उपाशी राहिला ते सांगितलं, मग त्याच्या मुलाने हट्टापायी कशी शेळ्यांची विहीर बुजवली ते, आणि एकेकाला असा हजर करत, सावकाश, ती बापापर्यंत आली. मासळीवाल्या माना डोलावू लागल्या. शिव्यांतलं त्यांना कळतं, आणि हा माल वरचा आहे, अस्सल आहे, हे त्यांनी ओळखलं होतं. शेवटी ती म्हणाली, "आई गेली तेव्हा तुम्ही माझ्याकडे पाठ करून बसलात, बाबा. पाठ मी बघून घेतली. चांगली रुंद आहे. पण मी काही ती बघायला आले नव्हते."

एवढं बोलून तिने साच्याच्या कडेला बोट लावून पाहिलं. मसाला घट्ट झाला होता. तिने झटका देऊन साचा काढला. माप इतकं स्वच्छ आलं होतं की डॉक्टरीणबाईंनीही ते उचलून बघितलं. म्हातारा जराही हलला नव्हता. त्याच्या डोळ्यांतून मात्र पाणी वाहत होतं. मसाला घशाकडे उतरला की सगळ्यांच्याच डोळ्यांतून येतं, असं बत्तिशी पुढे सांगत असे.

तो काहीतरी पुटपुटला. गल्लीत दुसऱ्या कुणालाच कळलं नाही. बत्तिशी घरात गेली आणि पाण्याचा तांब्या घेऊन आली.

दात एका फेरीत होत नाहीत. तिसऱ्या फेरीला मेणात बसवलेले दात तोंडात घालून बघायचे होते. तोवर गल्लीला सवय झाली होती. ट्रक दिसला की बर्फाच्या गाड्या मागच्या रस्त्याने वळत, आणि ज्यांना काम नाही ते लवकर येऊन ओट्यावर जागा धरत. त्या दिवशी बत्तिशीचा नवराही कारखान्यातून आला होता. त्याला ओरडा खाऊन यावं लागलं, कारण मालकाच्या मते या म्हाताऱ्यापायी निम्मा बर्फ वितळून गटारात चालला होता. बत्तिशीने त्याच्या हातात आरसा दिला आणि पायरीवर उभं केलं. तो डोळे मिटून उभा राहिला. लाळ दिसू नये म्हणून.

"काहीतरी बोलून दाखवा," बत्तिशी बापाला म्हणाली. "'स' आणि 'त' नीट येतात का बघू दे."

बापाने तोंडातले दात जिभेने चाचपले. मग समोर आरसा धरून उभ्या असलेल्या, डोळे मिटलेल्या जावयाकडे त्याची नजर गेली. इतकी वर्षं मनात राखून ठेवलेलं काहीतरी त्याच्याजवळ होतं. ते त्याने आता काढलं. त्यात बर्फ होता, बर्फाला नसलेला कणा होता, मुलीचं नशीब होतं आणि तळहातावर खडा ठेवून दुसऱ्याची लेक पळवणाऱ्या सात पिढ्या होत्या. बत्तिशी कान देऊन ऐकत होती. संपल्यावर ती म्हणाली, "'स'ला अजून शिट्टी येतेय," आणि दात काढून, पुढच्या दातांच्या मागे गरम सुरीने थोडं मेण चढवून पुन्हा बसवले. "आता परत म्हणा."

त्याने पहिल्यापासून म्हटलं. जावयाने एकच शिवीगाळ दोनदा ऐकली, दुसऱ्यांदा स्पष्ट 'स'सकट, आणि आरसा हलू दिला नाही. शेवटी त्याने एक डोळा उघडला आणि विचारलं, "आता बरं येतंय का, बाबा?"

म्हातारा गोंधळला. शिवी खाऊन तिची चौकशी करणारा माणूस त्याला आयुष्यात पहिल्यांदा भेटला होता. "बरं येतंय," असं तो म्हणाला, आणि त्यानंतर तो जावयाला पुन्हा शिवी देऊ शकला नाही. प्रयत्न केला नाही असं नाही.

शेवटच्या फेरीला तयार कवळी बसली. बत्तिशीने निळा कागद चावायला दिला, जिथे ठसा जास्त उमटला तिथे घासलं, पुन्हा चावायला दिला. बापाने तक्रार केली की जड वाटतात, खुपतात.

"नव्या सुनेसारखं असतं ते," बत्तिशी म्हणाली. "आधी सगळ्यांना खुपते. मग तिच्यावाचून घर चालत नाही."

बाप जिभेने मोजत होता. "अठ्ठावीसच आहेत," तो म्हणाला.

"सगळ्यांना तेवढेच देते."

"मी सगळ्यांतला आहे का?"

"गाडीतून उतरलात तर चार जास्त देईन."

त्याने थोडा विचार केला. खरंच केला, भाऊ सांगतो, काठी दाराकडे सरकलीसुद्धा होती. मग त्याने ती परत मांडीवर घेतली आणि भावाला गाडी काढायला सांगितली.

त्या संध्याकाळी दरीत जे झालं ते बत्तिशीने पाहिलं नाही, पण तिला इतक्या जणांनी इतक्या तऱ्हांनी सांगितलं की ती तिथेच असल्यासारखी झाली. बाप कडेला गेला. पलीकडे मधवाला आला आणि त्याने तब्येतीची चौकशी केली. बापाने घसा साफ केला आणि मधवाल्याच्या आजोबांना हाक मारली. प्रत्येक अक्षर दरीवर आपटून परत येत होतं. मधवाल्याने कानामागचा हात हळूहळू खाली घेतला. सगळं संपेपर्यंत तो उभा राहिला, आणि मग त्याच्या तोंडावर असं काही समाधान पसरलं की लोकांना वाटलं याला कुणी जमीन नावावर करून दिल्याचा कागद वाचून दाखवला. त्यानेही उत्तर दिलं. अंधार पडेपर्यंत चाललं. दोन्हीकडच्या शेळ्या आपल्या आपण घरी गेल्या.

पुढच्या बाजाराला मधवाला बसने खाली आला, निळ्या दारातून आत शिरला, खुर्चीवर बसला आणि काळेभोर तोंड उघडून म्हणाला, "मलाही तसलेच कर. त्याच्याहून टणक."

मग वरचे बरेच जण येऊ लागले. बापही येई. दर दोन-तीन महिन्यांनी ट्रक गल्लीत अडके, खुपतंय म्हणून तो खिडकीतून कवळी बाहेर काढे, बत्तिशी आत जाऊन घासायचं चाक फिरवे, पण चाकाला कवळी लावत नसे, आणि धुऊन परत देई. तो म्हणे, आता बरं आहे. तोवर मासळीवाल्यांशी त्याच्या गप्पा रंगलेल्या असत. खालच्यांच्या घाणीबद्दल बोलता बोलता तो त्यांच्याकडचा सुका मासा चावून बघू लागला, दातांची परीक्षा म्हणून, आणि ती परीक्षा वर्षानुवर्षं चालली. नगरपालिकेने शेवटी गल्लीच्या तोंडाशी जड वाहनांना मनाई असल्याची पाटी लावली. भावाने ती वाचून दाखवल्यावर बाप म्हणाला की आपली गाडी रिकामी आहे, जड नाही, चल.

जमिनीला पाय मात्र त्याने लावला नाही. एकदाच, बत्तिशीची मुलगी आपल्या तान्ह्या मुलाला घेऊन आली होती तेव्हा, तो पायरीवर उतरून बसला. पाय लोंबकळत ठेवले, जमिनीपासून वीतभर वर. पणतवाने त्याच्या तोंडात बोट घालून कवळी ओढली आणि ती हातात आल्यावर घाबरून भोकाड पसरलं. म्हाताऱ्याला इतकं हसू आलं की त्याला दोन्ही हातांनी दार धरावं लागलं.

तो गेला तो उन्हाळ्यात, दाराशी बसल्या बसल्या. बत्तिशी वर गेली. त्याला आडवा केला होता, तोंड आत गेलेलं, आणि कवळी कोनाड्यात पेल्यात होती. ती घालायची की राहू द्यायची यावर घरात कुजबुज सुरू होती. भावजय म्हणत होती, राहू दे, आठवण म्हणून. कोपऱ्यात मधवाला बसला होता, तो गुरगुरला, "घाला. नाहीतर तिथे जाऊन बोलणार कसा तो?" बत्तिशीने कवळी पेल्यातून काढली, पुसली आणि बसवली. नेहमीच्या सवयीने तिने ओठ उचलून पाहिलं, नीट बसली का ते. मग ती तशीच त्याच्याजवळ बसून राहिली, बराच वेळ, आणि या वेळी तो तिच्याकडे तोंड करून होता.

मधवाल्याला आता वर करमत नाही. संध्याकाळी कडेला गेलं तर पलीकडे कुणी नसतं, आणि झऱ्याचं पाणी कुठूनही गेलं तरी कुणाला काही वाटत नाही. तो बाजाराच्या दिवशी खाली येतो आणि बत्तिशीच्या दुकानात बाकावर बसून राहतो. गिऱ्हाइकांना नावं ठेवतो, डॉक्टरीणबाईंना सल्ले देतो. दुपारी बत्तिशीचा नवरा जेवायला आला की मधवाला त्याच्या बर्फाच्या धंद्याबद्दल काहीतरी लागट बोलून बघतो. नवरा शांतपणे जेवतो.

मागच्या बाजाराला मात्र त्याने जेवता जेवता मान वर केली आणि म्हणाला, "तुमच्या मधात साखर असते, सगळ्यांना माहीत आहे."

मधवाला ताडकन उभा राहिला. बत्तिशीने चाक बंद केलं, कारण नवरा पुढे काय बोलतो ते तिला ऐकायचं होतं.